तीन नंबरचं जुळं

पंपघरातल्या तीन नंबरच्या पंपाला संगणकात जुळं भावंड करायचं ठरलं, तेव्हा फिटर मामांना कुणी विचारलं नाही. सहा महिने पंपाला तारा डकवून ताप, कंप, दाब मोजला. त्या आकड्यांवर संगणकाच्या पडद्यावर तसाच पंप फिरू लागला. खऱ्या पंपाचं पुढे काय होणार, ते तो आधी सांगे.

त्याने सांगितलं, बेअरिंगला तीन महिन्यांतून एकदा ग्रीस पुरे. मग रोज फिटर कशाला? मामांची बदली गोदामात ठरली. एकतीस वर्षं पंपाशी काढलेला माणूस आता खोकी रचणार.

"मजा आहे मामा, बसून खा आता," वेल्डर म्हणाला.

"ते तुला जमतं. मला सवय नाही."

गणित कुठे चुकलं, ते मामांना ठाऊक होतं. सील कितीदा बदललं तरी पाणी उडायचं, ग्रीस धुऊन जायचं. म्हणून ते रोज सकाळी ग्रीसगनचे दोन दाब द्यायचे. नोंदीच्या कागदावर ग्रीससाठी महिन्याला एकच चौकोन, त्यात एकच खूण. मोजणीच्या सहा महिन्यांतही हात थांबला नव्हता. जुळं ठणठणीत निघालं ते त्या हातावर.

"मग सांगा ना," बायको म्हणाली. "जन्मभर मिठाची गुळणी धरून बसलात."

त्यांनी जुळं बनवणाऱ्या इंजिनीयरबाईंना सांगितलं.

"रोज? आणि लिहिलं नाहीत, काका?"

"लिहायला जागा नव्हती."

"मी मानू कशावरून?"

"मी हात लावत नाही. बघा."

ग्रीसगन कपाटात गेली. काम न करण्याचे एवढे कष्ट मामांना कधी पडले नव्हते. पाचव्या दिवशी बेअरिंग खरखरू लागलं. सातव्या दिवशी मामांचा जेवणाचा डबा तसाच घरी गेला. नवव्या दिवशी पडद्यावरची तापाची रेघ सरळ वर चढली, बाईंनी पंप थांबवला.

"काका, तुमचंच खरं," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. वेल्डरने पाठीवर थाप मारली. मामांचा जीव भांड्यात पडला.

बेअरिंग धुऊन पुन्हा ग्रीसने भरलं. बाईंनी विचारलं, एका दाबात किती ग्रॅम? मामांनी दहा दाब कागदावर काढले. दहाही वजनाला सारखे भरले. ते जुळ्याला शिकवलं. आठवड्याने त्याचं उत्तर आलं: रोज तेवढंच ग्रीस आपोआप सोडणारी डबी बसवा.

बाईंनी मान खाली घातली. "मला हे नको होतं, काका."

"तुम्ही मोजलंत ते बरोबर मोजलंत."

डबी बसवायला आलेल्याने आटे तिरके धरले. मामांनी त्याला बाजूला सारलं, डबी सरळ बसवली, पान्याने आवळून पुन्हा एकदा तपासली. मग हात पुसले आणि गोदामाकडे निघाले. मागे पंप बिनतक्रार चालत होता.