जावयाच्या भावाचं स्वस्त तेल

त्या दिवशी टेम्पोत कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कोनी बोलायला नको. पुढं जावई, चालवायला. त्यांच्या बाजूला माझी मुलगी. खिडकीला मी. मागं माशांच्या पाट्या, बरफाची पेटी, आनि पेटीवर गोनपाट टाकून बसलेली माझी धाकटी जाऊ. एवढीच मानसं. बाकी सगळी मासळी.

टेम्पो माझ्या नवऱ्याचा. तो गेला, टेम्पो राहिला. मला मुलगा नाय, एक मुलगी. तेव्हा जावयांचं कंपनीतलं काम सुटलं होतं, तर ते बोलले, मामी, मी चालवतो. बरं झालं. टेम्पो यायच्या आधी अर्नाळ्याहून डोक्यावर पाटी घेऊन चालायची मी. गुडघे तेव्हाच गेले. आता रिक्षावाले मासळीची पाटी बघितली की दुसरीकडं बघतात. त्यांचं पन बरोबर हाय, मागनं बसनारा नाक धरतो.

तुळिंजच्या बाजारात माझी बसायची जागा हाय. कागदावर नाय, बसून बसून झालेली. नवऱ्याच्या वेळेला एकदा टेम्पोचं इंजिन जाम झालं होतं. ते उघडून बांधेपर्यंत मी घरी. परत गेली तर माझ्या जागेवर कोथिंबीरवाली. मी बोलली, बाई, ही माझी जागा. ती बोलली, बसा ना आजी, इकडं सरकून बसा. आनि हसली. हसनाऱ्या बाईशी भांडता येत नाय. मग मी गटाराच्या कडेला बसली. गिऱ्हाईक मासे बघायचं आधी गटार बघायचं. कोथिंबीरवाली गावाला गेली तेव्हा कुठं माझी जागा मला मिळाली. म्हनून सांगते, टेम्पो बंद म्हंजे मी बंद. या वयात दुसऱ्यांदा गटाराच्या कडेला बसायची माझी ताकद नाय. भूक सोसली, नवरा गेला ते सोसलं. ते गटार नको.

आता तेलाचं.

जावयाचे मोठे भाऊ उमेळ्याला दुकान चालवतात. गाड्यांचं सामान, पट्टे, बल्ब, तेल. जावई तिकडनंच तेल आनायचे. डब्यावर नाव असं की मी कधी ऐकलं नाय, टीवीवर पन येत नाय. मोठ्या कंपनीच्या डब्याहून पुष्कळ स्वस्त. मला काय, गाडी चालते ना.

पन माझी जाऊ. तिला नाक हाय मोठं आनि ते सगळ्यात घालायची सवय हाय. एकदा जावई इंजिनातली तेल मोजायची काडी काढून बघत होते, तर ती जवळ गेली आनि बोलली, "अगोबाई, काळं पडलं. आत्ताच तर टाकलं होतं ना? स्वस्तातलं असंच असतं."

 जावयांनी काडी पुसली, आत घातली, झाकन लावलं. त्या दिवसापासून त्यांनी बोनेट उघडायचं सोडलं.

मला कळलं त्यांना लागलं ते. भावाच्या तेलाला नाव ठेवलं म्हंजे घरान्याला नाव ठेवलं. आनि आमच्यात सासूनं जावयाला तोंडावर काय सांगायचं नसतं. मान द्यायचा, मोठा तुकडा ताटात वाढायचा, आनि गप बसायचं. मी सांगनार कशी, की बाबा तेल बदला? भावाचं टाका बोलली तर जाऊ रुसनार. दुसरं टाका बोलली तर मुलीच्या सासरी आग.

मग मी टेम्पोशी बोलायला लागली. सकाळी पाट्या चढवताना त्याच्या तोंडावर हात ठेवायची आनि बोलायची, "काय रे बाबा, तहान लागली का तुला? कोनी बघतं का नाय तुझ्याकडं?"

जावई पलीकडनं टायरला लाथ मारून बघत असायचे. ते पन टेम्पोलाच सांगायचे, "मामींना सांग, घरात एकदा ठरू दे कोनचं तेल पाहिजे. मी डायवर मानूस. मला सांगतील ते टाकीन."

"त्यांना सांग, मी काय अडवलंय का."

"मामींना सांग, अडवलं कोनी बोललंय."

मुलगी मधे उभी. ती बोलली, "तुमचं दोघांचं गाडीशी झालं असेल तर कोनीतरी मानसाशी बोला."

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाय. तेल बदलायचं राहिलंच. जावयांनी उमेळ्याहून नवा डबा आनून ठेवला होता, पन फोडला नाय. सीटच्या खाली तसाच. कोनीतरी बोलेल, मग टाकू.

बोलली कोन, तर जाऊच. एक दिवस ती हायवेवरनं एक डबा घेऊन आली. मोठ्या कंपनीचा, टीवीवर येतो तो. बोलली, "जाऊबाई, अर्ध्या भावात मिळाला. गाडीतनं विकत होता बिचारा, माल संपवायचा होता त्याला."

मी बोलली, "बिचारा कशाला अर्ध्या भावात देईल?"

"सगळे तुझ्यासारखे नसतात. तू शिळ्या सुरमईचा पन भाव कमी करत नाय."

"माझी सुरमई शिळी नसते."

"आता बघ. दोन्ही तेलं बघू. कोनचं चांगलं ते कळेल."

आता आम्ही कसं बघनार? मासळीवाल्या बाया आम्ही. माशाचा कान, म्हंजे कल्ला, उघडून बघायचं, बोटानं दाबायचं, वास घ्यायचा. तेलाला कान नाय. बोटावर घेतलं तर दोन्ही चिकट. वास दोन्हीला घान. मग जाऊच्या डोक्यात आलं, बरफात ठेवू. बरफात खरं काय ते कळतं. चांगली मासळी बरफात ताठ राहते, वाईट लगेच मऊ पडते. तेलाचं पन तसंच असनार.

तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीत तिचं महागाचं. दुसरीत भावाचं, ते जुन्या डब्यातलं तळाला उरलेलं होतं. वर कागद बांधला आनि बरफाच्या पेटीत, पापलेटांच्या बाजूला ठेवल्या. बाजार उठायच्या वेळेला काढल्या. भावाचं तेल गुळाच्या पाकासारखं जाड झालं होतं, हलवलं तर आळसानं सरकायचं. जाऊचं पान्यासारखं पळत होतं.

जाऊनं वाटी माझ्या नाकाखाली धरली. "बघ. कसं पळतंय. याला म्हनतात तेल."

मी बोलली, "आपला टेम्पो काय बरफावर चालतो?"

"तुला काय कळत नाय."

"मला नाय कळत. पन वसईत बरफ पडलेला मी बघितला नाय, एवढं कळतं."

पुढचं मी सांगायला नको, पन सांगते. तिची वाटी तिरकी झाली होती आनि थोडं तेल दोन पापलेटांवर गेलं होतं. अशी चमकत होती ती, की एक बाई सगळी मासळी सोडून तीच दोन उचलायला लागली. "आजी, ही बघा किती ताजी. कालची नाय ना?" मी बोलली, "बाई, ती ठेव. ती विकायची नायत." तिला वाटलं मी कोनासाठी तरी लपवते. भाव वाढवला तिनं. मी नाय दिली. मग ती रागावून दुसरीकडं गेली. ती पापलेटं मी मांजराला टाकली. बाजारातलं मांजर, ते काय पन खातं. त्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आनि जाऊन कोंबडीवाल्याच्या दुकानासमोर बसलं.

म्हंजे तेलाची परीक्षा झाली. जाऊचा डबा टाकायचा ठरला. पन जावई बोनेटला हात लावतील तर शपथ. ते बोलले, "मामींनी सांगितलं तर टाकतो." मी सांगत नाय. माझ्या मनात ते पळनारं तेल बसत नव्हतं, आनि भावाचं टाका असं तोंडातनं निघत नव्हतं. असं करत दोन डबे झाले गाडीत. एक फोडलेला, एक बंद. दोन्ही सीटखाली एकमेकांना आपटायचे.

मग तो दिवस. आधी सांगितलं ते सगळे गाडीत.

सकाळची वेळ. सोपाऱ्यावरनं पूर्वेला जानाऱ्या पुलावर टेम्पो चढायला लागला, आनि आतनं आवाज. टक, टक, टक. जसं कोनी आत बसून सुपारी फोडतंय. मी मुलीकडं बघितलं. मुलीनं नवऱ्याकडं बघितलं. जावयांनी रेडिओ बंद केला, मग परत लावला, मोठा.

मागनं जाऊ बोलली, "तराजूचं वजन सुटलंय वाटतं, ते वाजतंय."

"वजन माझ्या पायाखाली हाय," मी बोलली.

टक, टक. चढ वाढला तसा आवाज वाढला. मला माझ्या नवऱ्याच्या वेळेचा तो दिवस आठवला. तेव्हा पन असंच वाजलं होतं आनि तो बोलला होता, चढ संपला की थांबतो. चढ संपायच्या आत इंजिन संपलं. माझ्या डोळ्यांसमोर गटार आलं. कोथिंबीरवालीचं हसू आलं.

मी टेम्पोच्या दारावर हात मारला नाय, मुलीला सांगितलं नाय. सरळ जावयांकडं तोंड केलं.

"गाडी बंद करा."

"मामी, पूल संपला की..."

"आता. इथंच. चावी काढा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हुकूम दिला होता. त्यांनी चावी काढली.

मागच्या गाड्यांनी जो भोंगा लावला तो विचारू नका. जाऊ पेटीवर उभी राहून सगळ्यांना सांगत होती, थांबा, आम्हाला पन बाजार गाठायचाय. एक रिक्षावाला ओरडत आला, मासळी बघितली, आनि बोलला, "मांदेली कशी दिली?" जाऊनं तिथंच मोजून दिली. त्याच्या मागनं आनखी दोन आले. ट्राफिकचा हवालदार आला तर त्याला वाटलं आम्ही पुलावर बाजार भरवलाय. जाऊ त्याला बोलली, "दादा, बोलू नका, धक्का द्या." त्यानं दिला. सगळ्यांनी मिळून टेम्पो मागं ढकलत खाली घेतला, कडेला लावला.

मिस्तरी आला. तुळिंजचाच, गोरा, पोट सुटलेला, सारखा कानाला फोन. त्यानं काडी काढली, बघितली, पुसली, परत घातली, परत काढली.

मी विचारलं, "बाबा, स्वस्तातल्या तेलानं झालं का?"

तो बोलला, "आजी, स्वस्त महाग नंतर. आधी तेल दाखवा ना कुठं आहे ते. हे बघा, टोकाला नुसती काजळी. ऑईलच नाही यात. जुनी गाडी आहे, थोडं थोडं पीत राहते. कोणी बघत नव्हतं का? लाल बत्ती लागली असेल."

जावयांनी समोर बघितलं. बत्ती असते तिथं झेंडूचा हार लटकत होता, देवीच्या फोटोपासून खालपर्यंत. जावई रोज नवा घालायचे, लांब. मिस्तरीनं बोटानं हार बाजूला केला, जावयांकडं बघितलं, हार परत सोडला. देवीचा हार, बोलनार काय.

मग त्यानं सीट उचलली, तेल आनायला लागेल का बघायला. खाली दोन डबे. तो हसायला लागला. थांबेचना. "तेलावर बसून चाललात तुम्ही!"

 खरंच होतं.

आधी त्यानं जाऊचा डबा घेतला. वास घेतला, झाकनाखालची सीलची कडी बघितली. "ही तोडून परत चिकटवलेली. आत रॉकेलसारखं काहीतरी मारलंय. हे टाकलं असतं तर इंजिन भंगारात."

जाऊ हळूच बोलली, "म्हनून बरफात पळत होतं."

"बरफात?" मिस्तरीनं कानाचा फोन खाली घेतला. "बरफात कशाला ठेवलं?"

"असंच," जाऊ बोलली.

मग भावाचा बंद डबा. त्यानं उलटा केला, मागचे आकडे वाचले, जावयांना गाडीचं पुस्तक काढायला लावलं, दोन्ही मिळवून बघितलं. "हे बरोबर आहे. सील पण नवीन. छोटी कंपनी आहे, पण काम करेल. वेळेवर बदला, बस."

मी बोलली, "लगेच काळं पडतं ते."

"काळं पडणारच ना आजी. आतली घाण कोण धरणार मग? तुम्ही मासळी धुता, ते पाणी काय गोरं निघतं? काळं झालं म्हणजे धुतंय. काळं होत नाही त्याची भीती धरा."

जावयांनी काय केलं असेल? हसले असतील, जाऊला बोलले असतील? नाय. त्यांनी मान खाली घालून डबा फोडला, आनि तेल ओतलं. हळूहळू, सांडू न देता. मिस्तरीनं चावी फिरवली. आधी टक टक, मग कमी, मग नाय. इंजिन वाचलं. मिस्तरी बोलला, पुलाच्या टोकापर्यंत गेला असता तर नसतं वाचलं.

तेव्हा जावई माझ्याकडं वळले. "मामी, बोनेट उघडायचं काम माझं होतं. मी रुसून बसलो."

मी बोलली, "आनि मी टेम्पोशी बोलत बसली."

मुलगी बोलली, "झालं? आता बाजाराला उशीर होतोय."

बाजारात पोचलो तर उशीर झालाच होता. माझ्या जागेवर कोनीतरी टोमॅटोची पाटी ठेवली होती. मानूस नव्हतं, नुसती पाटी. मी ती उचलून बाजूला ठेवली आनि बसली. टोमॅटोवाला आला, माझ्याकडं बघितलं, आनि मुकाट्यानं पाटी घेऊन गेला.

आता आमच्याकडं तेच स्वस्त तेल चालतं. दर रविवारी जावई काडी काढतात आनि मला दाखवतात. मला काय कळत नाय, पन मी बघते. काडीवर रेघ असते, तेल तिथपर्यंत पाहिजे. कमी असलं तर मी सांगते, टाका. तोंडावर सांगते. त्यांना राग येत नाय. आला तरी टाकतात.

वाचनाऱ्याला एवढीच विनंती: तुमच्या दारात गाडी असेल तर उद्या चालू करायच्या आधी काडी काढून तेल बघा. कमी असेल तर टाका. कोनचं टाकायचं ते पुस्तकात बघा, आनि घरात कोनाला विचारायची लाज वाटत असेल तर लाज सोडून विचारा.