गाळलेलं वाक्य

बँकेने मला नाशिकहून चेन्नईला पाठवलं तेव्हा बायकोने तिची शाळेतली नोकरी सोडली. ती मराठी शिकवायची. इथे मराठी शिकवायची कुणाला? मी वर्षभरात बोलण्यापुरतं तमिळ शिकलो, ग्राहकांशी हुज्जत घालण्याइतकं. ते लोकांना ऐकवायची मला हौसही होती. घरमालक असो की प्लंबर, बोलणं माझ्यामार्फत चालायचं. तिचं मी मराठीतून ऐकायचं आणि समोरच्याला तमिळमधून सांगायचं, अशी आमच्या घराची पद्धतच पडली होती. तिला तमिळ येतं का, हे मी कधी विचारलं नाही. येत नाही असं धरून चाललो होतो.

चौथ्या वर्षी ती गप्प होत गेली. आधी माहेरी करायचे फोन बंद झाले, मग स्वयंपाकघरातलं गुणगुणणं. संध्याकाळी घरी आलो की ती अंधारात बसलेली असायची आणि मी दिवा लावून विचारायचो, "काय गं, दिवा नाही का लावायचा?" याच्या पुढचा प्रश्न मी विचारत नव्हतो.

त्याच दिवसांत शाखेत मानसिक आरोग्याचा आठवडा होता. मॅनेजर म्हणून सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगितलं, मनात काही असेल तर मोकळेपणाने बोला, माझं दार उघडं आहे. मागून एक पोरगी म्हणाली, "सार, टार्गेट सोडून काहीही बोला, असंच ना?" सगळे हसले. मीही हसलो.

शेवटी बायकोला बँकेच्या यादीतल्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. मनाच्या डॉक्टरांकडे नाही, साध्या फिजिशियनकडे. डॉक्टर वयस्क होते, शांत होते. ते तमिळमधून विचारत होते आणि बघत होते माझ्याकडे. मी तिला म्हणालो, "काय होतंय ते सांग, मी सांगतो त्यांना."

तिने मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"त्यांना सांगा, सकाळी जाग आली की वाईट वाटतं. जाग आली म्हणून. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते तेव्हा कठड्याजवळ जायची भीती वाटते. पडेन म्हणून नाही. मलाच माझा भरवसा वाटत नाही."

हे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी डॉक्टरांकडे वळलो आणि म्हणालो, "तूक्कम वरलै, डॉक्टर." झोप येत नाही. आणि जिने चढून थकवा येतो, असंही जोडलं.

"वेर एदावदु?" त्यांनी विचारलं. आणखी काही?

"नाही," मी म्हणालो.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की बिलं माझ्याच ऑफिसात जाणार होती, साहेबांच्या टेबलावरून जाणार होती, म्हणून मी ते गाळलं. ते कारण मी नंतर शोधलेलं आहे. त्या क्षणी मला फक्त लाज वाटली. माझ्या घरात राहून हिला जगावंसं वाटत नाही, हे परक्या माणसासमोर माझ्याच तोंडाने कसं सांगू?

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. येताना मी रिक्षा टी. नगरला वळवली. तिला साडी घेऊन द्यावी, असं मनात आलं. दुकानदार एकेक साडी उलगडून पसरत होता आणि ती म्हणत होती, "कुठलीही घ्या."

त्या गोळ्यांचं पुढे काय झालं, ते मी लिहिणार नाही. ती वाचली, एवढं लिहितो.

हॉस्पिटलात ती शुद्धीवर आली त्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. आत आया फरशी पुसत होती. मला आवाज आला, "अक्का, कोंजम तण्णी कुडुंग." थोडं पाणी द्या. आयाने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, मग आणखी काही. क्षीण आवाजात, पण न अडखळता. माझ्यापेक्षा चांगलं तमिळ.

आया गेल्यावर मी आत गेलो. "तुला तमिळ कधीपासून येतं?"

"चार वर्षं झाली इथे येऊन. भाजीवाली काय माझ्याशी मराठीत बोलते?"

मी खुर्चीवर बसलो. "मग त्या दिवशी, डॉक्टरांकडे..."

"कळलं होतं."

"मग तू का नाही बोललीस? तूच सांगायचं ना!"

"तुम्हालाच ऐकवत नव्हतं. त्यांना सांगून काय करू?" मग म्हणाली, "वाटलं, घरी गेल्यावर तरी विचाराल. तुम्ही साडी घेतलीत."

आता ती मनाच्या डॉक्टरांकडे जाते. मेट्रोने आम्ही दोघं जातो. पहिल्या दिवशी नाव पुकारल्यावर सवयीने मीही उठलो, तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही बसा." आत ती काय बोलते, मला माहीत नाही. आतल्या डॉक्टर बाईंना तिच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. हे मला लागतं. पण लागण्याचा हक्क मला उरलेला नाही.

मी एक करतो. त्याच बाईंनी मला सांगितलं, थेट विचारत जा, विचारल्याने मरणाचा विचार वाढत नाही. म्हणून रोज विचारतो, सरळ मराठीत, "आज मरावंसं वाटलं का?" सुरुवातीला ती चिडायची. "काय हो, रोज हजेरी घेता!" मग "नाही" म्हणायला लागली. काही दिवस लागोपाठ "नाही" आलं आणि मी मनातल्या मनात सुटकेचा हिशेब करायला लागलो.

गेल्या आठवड्यात मी बीन्सची भाजी फोडणीला टाकली आणि बाहेर येऊन विचारलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "वाटलं. दुपारी."

जे सुचलं ते सगळं शाखेतल्या भाषणासारखं होतं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. तिने हात दिला नाही, मीही घेतला नाही. स्वयंपाकघरातून भाजी लागल्याचा वास यायला लागला, मग धूर. मी हललो नाही. उठलो तर ती काय समजेल, याची भीती वाटली.

शेवटी तीच म्हणाली, "जा, गॅस बंद करून या. मी आहे इथेच."