चार मोजून परत

परसराम मास्तर गिटार जबड्याने ऐकत. बेस गिटारच्या वरच्या, शिंगासारख्या टोकाला जबडा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि जाड तार ओढायचे. सूर लाकडातून हाडात जायचा. कानांनी कधीच दगा दिला होता. डावा पुरता गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. कोहमाऱ्याच्या फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. मागे ट्रक येऊन थांबला की बाकावरचा हात न उचलता सांगायचे, "दहा चाकाचा हाय. भरून आला."

मी त्यांच्याकडे गेले ती सूड उगवायला. खोटं कशाला बोलू?

गोंदियात एक ऑर्केस्ट्रावाले सर आहेत. नाव घेऊन तोंड विटाळत नाही. जयंतीच्या दिवसांत त्यांच्या पार्टीचे भीमगीतांचे कार्यक्रम गावोगाव होतात, एरवी ते क्लास चालवतात. कॉलेजात असताना मी दवनीवाड्याहून एसटीने त्यांच्याकडे गेले, बेस शिकायचा म्हणून. सरांनी क्लासभर पोरांसमोर मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "ये बेस है बेटा, बेलन नहीं." पोरं खिदळली. सर स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत जास्त हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायऱ्या उतरता उतरता ठरवलं, या माणसाला भर स्टेजवर तोंडघशी पाडीन तेव्हाच नावाची.

मग गुरूचा शोध सुरू झाला. मैत्रिणी म्हणाल्या, मोबाइलवर शीक, नाहीतर नागपूरला जा. मी कुणाचं ऐकलं नाही. माझ्या स्वप्नातल्या गुरूसाठी एकच अट होती: त्याचं आणि सरांचं हाडवैर पाहिजे. बोटं कशी चालतात ते नंतर पाहू. परसराम मास्तरांचं नाव मला एका माइकवाल्याने सांगितलं. चौदा वर्षं ते सरांच्या पार्टीत बेस वाजवत. सर त्यांना मोठ्या स्पीकरच्या अंगालाच उभं करायचे, कारण ती जागा दुसरा कोणी घेत नसे. त्यात कान गेले. तेव्हा सरांनी चालू कार्यक्रमात माइकवर जाहीर केलं, "हमारा परसराम अब बहरा हो गया, तालियाँ!" लोकांनी वाजवल्याही. हे ऐकलं आणि मी म्हटलं, हाच माझा गुरू.

"काऊन आली?" मास्तरांनी पहिल्या दिवशी विचारलं. ट्यूब पाण्यात बुडवून ते बुडबुडे शोधत होते.

मी उजव्या कानाशी ओरडले, "सरांचा बदला घ्यायचा आहे जी!"

त्यांनी बुडबुड्यावर बोट दाबून छिद्र धरलं. मग म्हणाले, "बरं झालं, खरं बोलली. बाकीचे सेवा कराले येतेत अन् महिन्याभरात पळतेत. रागवाला मानुस टिकते."

दोन वर्षं मी दर रविवारी जात राहिले. मास्तर शिव्यांत कंजुषी करत नसत. "ढोलकीच्या मांगं मांगं कायले जाऊन राहिली? वरातीत आली का?" आणि एक वाक्य तर शंभरदा ऐकवलं असेल, "बेस आयकू येत नाई पोरी. थांबला का आयकू येते." हेच आमचं हत्यार होतं. कधीतरी सरांच्या पार्टीत शिरायचं आणि मुख्य गाण्याच्या तिसऱ्या अंतऱ्यात अचानक थांबायचं. गाण्याच्या पायाखालची जमीनच काढून घ्यायची.

पण मास्तरांनी तिथेही हिशेब घातला. "चार ठोके मोजाचे अन् परत याचं. चार सरचे. पाचवा लोकायचा हाय. मायबाया लेकरं घेऊन गाणं आयकाले येतेत, त्यायनं तुहं का वाकडं केलं?" थांबण्याची तालीम त्यांनी वाजवण्याहून जास्त करून घेतली. परत यायला जराही उशीर झाला की टायरचा लोखंडी पाना बाकावर आपटायचे.

तिसऱ्या वर्षी योग आला. सरांचा बेसवाला ऐन जयंतीत दुसऱ्या पार्टीत पळाला आणि केशोरीचा कार्यक्रम तोंडावर आलेला. माइकवाल्याने माझा नंबर दिला. सरांनी मला ओळखलंच नाही! ज्याच्या नावाने मी तीन वर्षं दातओठ खात होते, त्याच्या लक्षात मी एक दिवसही नव्हते. राग दुप्पट झाला.

मास्तर एसट्या बदलत केशोरीला आले आणि स्टेजला लागून खाली बसले. माझा स्पीकर स्टेजच्या फळ्यांवर होता, बाकीचे पार मंडपाच्या टोकाला. मास्तरांनी फळीवर तळहात ठेवला. अख्ख्या कार्यक्रमातला फक्त माझा बेस त्यांच्यापर्यंत पोचत होता.

तिसरा अंतरा आला. मी थांबले. गाणं लंगडलं, गायकाने दचकून मागे पाहिलं, लोकांच्या टाळ्या विस्कटल्या. सरांचा चेहरा खर्रकन उतरला. मास्तर फळीवर हात ठेवून गालात हसत होते. एक, दोन, तीन, चार. आणि अहाहा, काय गोड वाटलं म्हणून सांगू! मला परत यावंसंच वाटेना. अजून थोडं होऊ दे, अजून थोडा तडफडू दे त्याला.

मग मास्तरांकडे नजर गेली. हसू मावळलं होतं. त्यांनी तळहात पँटला पुसला आणि पुन्हा फळीवर ठेवला. मग दुसरा ठेवला. मग तो सत्तरीचा माणूस भर मंडपात गुडघ्यांवर आला आणि त्याने फळीला जबडा लावला. उरलंसुरलं ऐकणंही गेलं, असं त्यांना वाटलं होतं. माझी बोटं आपोआप तारेवर पडली.

गाणं संपल्यावर सर धावत आले, ते थेट माझ्या वायरीकडे. "केबल ढीली थी," ते म्हणाले, "पर तूने अच्छा संभाला बेटा." माझ्या तीन वर्षांच्या सुडाचं श्रेय केबलला गेलं. सबंध मंडपात घाव लागला तो एकट्या मास्तरांना.

"किती मोजले?" त्यांनी खाली उतरल्यावर विचारलं.

"चारच्या पुढे मोजलेच नाही जी."

"मले वाटलं, गेले माहे," एवढंच म्हणाले.

मागच्या वर्षी धानाच्या रोवण्याआधी मास्तर वारले. त्यांच्या बायकोने गिटार माझ्या हातात दिली. वरच्या शिंगाचं पॉलिश जबड्याएवढं उडालेलं आहे. सरांवरचा राग मात्र तसूभरही गेलेला नाही, जाणारही नाही. दर जयंतीला ते मला बोलावतात आणि मी जाते. तिसऱ्या अंतऱ्यात थांबते, चार मोजते आणि परत येते. सर दर वर्षी नवी केबल आणतात.