साडूंचा एकुलता हिरवा टॅग

परमेश्वराने हे जग घडवून झाल्यावर ते माझ्या साडूंच्या टेबलावरून पुढे पाठवायचं ठरवलं असतं, तर आज आपल्यापैकी कुणीच इथे नसतो. पृथ्वी गोदामाच्या एका कोपऱ्यात लाल टॅग लावून पडून राहिली असती आणि टॅगवर त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात शेरा असता, "दोन्ही टोकांना चपटी. परत." चाकणच्या एका कंपनीत हा माणूस तीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनच्या दारात बसला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मालाला तिथे टॅग लागायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून आणा, लाल म्हणजे परत न्या. त्यांच्या हातून हिरवा टॅग निघाला की खात्यात पेढे वाटायचे, असं भोसरीच्या शेडशेडमधून सांगतात. गोष्ट खोटी असेलही; पण मी स्वतः भोसरीतलाच एक शेडवाला, म्हणजे छोटा कारखानदार, आहे आणि मला ती खोटी वाटत नाही.

त्याला कारण आहे. मी इकडे आलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. दुसऱ्यांच्या लेथवर बारा वर्षं उभा राहिलो, मग स्वतःचं एक मशीन घेतलं, आणि माझा पहिला लॉट, सीटखाली लागणारे चारशे ब्रॅकेट, नेमका यांच्याच कंपनीत गेला. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. आदल्या दिवशी ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन मी अगदी निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो परत आला. चारशेच्या चारशे लाल. मी तणतणत चिंचवडला त्यांच्या घरी गेलो आणि चपला न काढताच म्हणालो, "साडूभाऊ, घरचा माणूस म्हणून तरी बघायचं होतं!" ते शांतपणे म्हणाले, "घरचा म्हणूनच दोनदा बघितला. पहिल्या वेळी दोनशेच रिजेक्ट झाले होते."

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं असं लक्षात आल्यावर त्याला पिवळा टॅग लागला. टॅग त्यांनी स्वतः कंपनीकडून मागून घेतले होते. लाल टॅगांची जाडजूड जुडी, पिवळ्यांची त्याहून लहान, आणि हिरवा फक्त एक, सदऱ्याच्या वरच्या खिशात. "एकच का हो?" मी विचारलं. "लागतो किती?" ते म्हणाले. तेव्हापासून लाल टॅगांनी आमच्या नातेवाइकांत धुमाकूळ घातला. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या एका खांबाला लाल टॅग बांधला. मांडववाला भांडायला आला. खांब काही पडला नाही, पण अख्खी पंगत आपोआप दुसऱ्या बाजूला सरकली आणि वाढपी शेवटपर्यंत तो खांब टाळून चालत राहिले. घरी ते चपाती उजेडाकडे धरून बघत. ताई पोळपाटावरून मान वर न करता म्हणायच्या, "रिजेक्ट करायची तर करा. आमच्याकडे रीवर्क होत नाही, उपाशी झोपायचं." मग ती चपाती मुकाट्याने पास व्हायची. मला माहीत असलेली त्यांची एवढीच तडजोड.

पण त्यांची खरी कीर्ती जुन्या गाड्यांची. पिंपरीपासून तळेगावापर्यंत आमच्या नात्यागोत्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की आधी साडूंना न्यायचं. ते जाताना एक लोहचुंबक नेत, जुन्या रुमालात गुंडाळलेलं. रुमालासकट ते गाडीच्या अंगावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा ठोकून वर पुट्टी भरलेली आहे असं समजायचं. टायरच्या खाचेत दोन रुपयांचं नाणं उभं घालून टायर किती उरलाय ते बघायचं. मग इंजिन सुरू करायला लावून, डोळे मिटून, भजन ऐकावं तसं ते ऐकायचं. एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाची गाडी चकचकीत होती, आत सुगंध दरवळत होता. साडूंनी दार उघडलं, एकदा वास घेतला आणि म्हणाले, "एवढं अत्तर कशाला?" त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला, तर खाली वाळलेला गाळ. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती.

त्यांना स्वतःलाही गाडी घ्यायची होती. वीस वर्षं घ्यायची होती. दर एक-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी ते कुठलीतरी गाडी बघायला जात आणि ताई बरोबर जात. साडू चुंबक काढायचे, ताई मागच्या सीटवर खिडकीशी बसायच्या, पर्स मांडीवर घेऊन. तपासणी चालायची अर्धा तास, कधी तासभर. तेवढा वेळ ताई काचेतून बाहेर बघत बसत, जणू गाडी आता निघणारच आहे. मग बाहेरून आवाज यायचा, "रिजेक्ट." ताई उतरायच्या, पदर सारखा करायच्या आणि दरवेळी एकच वाक्य म्हणायच्या, "बसायला बरी होती हो." शंभरेक गाड्यांत तरी बसल्या असतील. त्यातली एकही जागची हलली नाही. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या आजारात त्या गेल्या. दवाखान्यात नेलं ते अँब्युलन्समधून, आणि अँब्युलन्सच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या असतात.

आता माझं गाऱ्हाणं सांगतो. माझी मुलगी रेवती चाकणच्या पलीकडे इंजिनिअरिंगला आहे. तिच्या वर्गात सानिका नावाची मुलगी आहे, आमच्याच गल्लीतली. लहानपणापासून तिच्या पायांत बळ नाही, व्हीलचेअर लागते. तिचे वडील चाकणलाच कंपनीत. रोज सकाळी ते तिला स्कूटरवर पुढे बसवून, खुर्ची मागे दोरीने बांधून कॉलेजात सोडत आणि तसेच शिफ्टला जात. अशी दोन वर्षं निघाली. मग त्यांची बदली रांजणगावला झाली, जूनपासून. बसमध्ये खुर्ची चढत नाही, रोजची रिक्षा परवडत नाही. थोडक्यात, जूनपर्यंत काही सोय झाली नाही तर सानिकाचं कॉलेज संपलं.

रेवती आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवलं, चौघींनी मिळून एक जुनी गाडी घ्यायची. चार मुली आणि वर खुर्ची मावेल अशी ऐसपैस. पैसे चौघींचेच, कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी दिवाळीत आकाशकंदील करून विकले. सगळे मिळून दोन लाख. त्यात गाडी, इन्शुरन्स, जे काय असेल ते. मी म्हणालो, वरचे मी घालतो. रेवती म्हणाली, "पप्पा, तुम्ही पैसे नका घालू, तुमचा राग घाला. भाव तुम्ही करा."

हे मात्र बरोबर होतं. सौदा करताना मला खोटा राग आणावा लागत नाही, तो येतोच. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी मालाचे दोष एकेक करून समोर मांडायचे, मग आपला भाव सांगायचा, मग उठायचं आणि चपला घालायला लागायचं. डाव्या चपलेत अंगठा जाईपर्यंत समोरचा हाक मारतोच. याच पद्धतीवर मी माझी शेड उभी केली आहे. आता फक्त दोष दाखवणारा माणूस हवा होता, आणि त्या कामाला माझ्या साडूंसारखा माणूस उभ्या जिल्ह्यात नव्हता.

गाडी हिंजवडीजवळच्या माण गावात होती. जुन्या गावातलं घराणं. जमिनींवर आता आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि दारात तीन नव्या कोऱ्या गाड्या. गोठ्याच्या पत्र्याखाली ही चौथी, सात जणांची, उंच, फिकट चंदेरी. मालक तात्या म्हणून सत्तरीचे गृहस्थ, पांढऱ्या टोपीतले. म्हणाले, "दोन लाख. आमी ही गाडी लेकीवानी सांभाळलीय."

"लेकीला गोठ्यात ठेवता का तात्या?" मी म्हणालो, आणि सौदा सुरू झाला.

साडू कामाला लागले. तिकडे रेवतीने मागची सीट पाडून खुर्ची आत सरकवून बघितली. बसली, आणि जागा उरली. मग खुर्ची बाहेर न काढताच दोघी मैत्रिणींनी सानिकाला उचलून मधल्या सीटवर बसवलं. इकडे साडूंची यादी वाढत होती. डाव्या बाजूचा पत्रा दोन ठिकाणी ठोकलेला. एसी मरतुकडा. मागचं दार वाजतं. चारही टायर गुळगुळीत. दोनचं नाणं खाचेत उभंच राहिना. चौदा दोष झाले आणि एकेक दोष मी तात्यांच्या पुढ्यात ठेवत गेलो.

"तात्या, ह्या टायरांवर माणूस घसरगुंडी खेळेल."

"व्हय, पर इंजान बघा की!"

"इंजिन बघू कुठे, एसीच्या आवाजात ऐकू येत नाही."

दोन लाखांवरून तात्या एक पंच्याऐंशीवर आले. मला एक पंच्याहत्तर हवे होते, म्हणजे टायर आणि इन्शुरन्स दोन्ही मुलींच्या पैशात बसले असते. मी आवाज चढवला, हात जोडले, "राहू द्या तात्या, सांभाळा तुमची लेक," म्हणालो, आणि ओसरीवरून उतरून चपला घालायला लागलो. तात्यांनी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, ते हाक मारणार होते. माझा अंगठा चपलेत गेला होता.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "पास."

मी वळून बघितलं. साडू गाडीच्या आरशाला टॅग बांधत होते. हिरवा. घडी पडलेल्या जागी तो पांढरा पडला होता आणि दोरा पिवळा झाला होता. तात्या टोपी सरळ करत हसले, "राव, मी एक ऐंशीला बी व्हय म्हणणार हुतो. पर आता तुमचाच मानूस पास म्हणतोय. एक पंच्याण्णवच्या खाली न्हाई."

"चालेल," गाडीतून सानिका म्हणाली. माझ्या आधी.

येताना रिक्षात मी जे काही बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "तीस वर्षं! तीस वर्षं अख्ख्या जगाला लाल टॅग लावलात! माझे चारशे ब्रॅकेट, पुतण्याचा मांडव, कंपनीचं घड्याळ! आणि नेमका आज, चपलेत अंगठा असताना, हिरवा? चौदा दोष तुमच्याच अक्षरात लिहिलेत!"

"आहेत चौदा," ते म्हणाले.

"मग?"

हिंजवडीच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा ते म्हणाले, "बसायला बरी आहे."

उरलेल्या पाच हजारांत इन्शुरन्सही पुरता झाला नाही. त्यासाठी चौघींनी पुन्हा शिकवण्या धरल्या. टायर माझ्या गळ्यात पडले. वाढदिवसाची भेट म्हणूनच ते रेवतीने माझ्याकडून घेतले, पण ती भेट माझ्याच खिशातून गेली आणि टायरवाल्याशी दीड तास भांडूनही मला समाधान मिळालं नाही. मी साडूंशी दोन महिने बोललो नाही. बायको म्हणायची, "पोरगी कॉलेजला जातेय ना?" जात होती. रोज सकाळी गल्लीत चंदेरी गाडी लागायची, खुर्ची मागे चढायची, दार वाजायचं. तरीही एखादा सौदा मनाला लागून राहतो. ज्याने कधी केला नसेल त्याला ते कळायचं नाही.

एकदा जेवताना मी पुन्हा तेच उगाळत होतो, तेव्हा रेवतीने ताट बाजूला सारलं. "पप्पा, तुम्ही तेव्हा चपला घालत होता, तुम्ही बघितलं नाही. काका चुंबक घेऊन गाडीच्या मागून फिरत आले. सानिका खिडकीशी बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, बाहेर बघत. काका तिथेच थांबले. चुंबक हातातच राहिलं. मग ते पुढे गेले आणि त्यांनी खिशात हात घातला."

मी भाताला दही लावलं आणि न खाताच उठलो.

त्याच्या पुढच्या रविवारी मुलींनी गाडी आम्हाला दिली. आळंदीला जायचं ठरलं. गाडी मी चालवत होतो, बायको पुढे माझ्या शेजारी, साडू मागे. हिरवा टॅग आरशाखाली हलत होता. मोशीच्या पुढे मी आरशात बघितलं. एवढी ऐसपैस गाडी, मागची अख्खी सीट मोकळी, आणि साडू मधोमध आखडून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, खिडकीशी कुणी नाही.

"साडूभाऊ, सरका की खिडकीकडे," मी म्हणालो. "जागा आहे भरपूर."

"असू दे," ते म्हणाले. "बरं आहे."

मागचा डंपर केव्हापासून हॉर्न मारत होता. एरवी मी काच खाली करून त्याला चार शब्द ऐकवले असते. मी गाडी डावीकडे घेतली, वेग आणखी कमी केला आणि मागची, ताई बसल्या असत्या त्या बाजूची काच अर्धी खाली केली.