हौद्यातली माती

चामटोलीची तालीम एक बाई चालवते, हे ऐकलं की परगावचा माणूस आधी हसायचा आणि मग इकडंतिकडं बघून विचारायचा, "खरंच?" इंदुबाईला त्या हसण्यापेक्षा त्या विचारण्याचा राग जास्त यायचा.

तिचे वडील कऱ्हाडकडच्या एका खेड्यात कुस्तीचे वस्ताद होते. घराची मागची खिडकी तालमीत उघडायची, आणि भाकऱ्या थापता थापता इंदूनं सगळे डाव त्या खिडकीतून बघून घेतले. लग्नही पैलवानाशीच झालं. नवरा हिंदुराव अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात लागला, पण कामगारांच्या चाळीत त्याचा जीव रमेना. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यानं बदलापूरजवळ चामटोलीत घर बांधलं आणि गावातल्या दौलतरावांच्या रिकाम्या गोठ्यात पोरांची तालीम सुरू केली. मधोमध हौदा खणला, म्हणजे कुस्तीची माती भरायचा मोठा चौकोनी खड्डा. कोनाड्यात दौलतरावांच्या आजोबांनी बसवलेला मारुती होताच.

हिंदुरावाच्या अंगात रेड्याचं बळ होतं, धीर मात्र औषधालाही नव्हता. पहिल्याच दिवशी पोरांना धडाधड आपटायचा. दुसऱ्या दिवशी पोरं गायब. शेवटी इंदुबाईनंच सांगितलं, "आधी फावडं द्या हातात. माती उकरून जो कंटाळत न्हाई, तो पडूनबी कंटाळायचा न्हाई." तेव्हापासून तालमीचा कायदाच झाला. नवा येईल त्यानं आधी हौदा उकरायचा, आणि पुरे म्हणायचं वस्तादानं. ठाकरवाडीचा नवसू तर उकरून उकरून इतका वैतागला, की म्हणाला, "काकी, मी कुस्ती शिकाया आलू का विहीर खणाया?"

"विहीर लागली तर पानी भर," इंदुबाई म्हणाली.

हे सगळं ती उंबऱ्यावरून बोलायची. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बाईनं तालमीत पाय ठेवायचा नाही. पण त्या मातीत जे जे मुरलं होतं ते तिच्याच हातचं. ताक तिनं घुसळलेलं, हळद तिनं कुटलेली, आणि तेल उल्हासनगरच्या कॅम्पातून तिनंच डोक्यावर वाहून आणलेलं. तिथला सिंधी तेलवाला डब्याच्या तळाचं तेल द्यायचा आणि दर वेळी बजावायचा, "बाई, ये खाने का नहीं है." ती मान डोलवायची आणि डबा उचलायची. त्या मातीचा वास आला की तिला माहेरची खिडकी आठवायची.

मग हिंदुराव तापानं गेला. तालीम संपली असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तेरावं उरकल्यावर दुसऱ्याच सकाळी इंदुबाई काठी घेऊन उंबऱ्यावर बसली, आणि तिनं पोरांना दिलेला आवाज गावभर ऐकू आला, "पाय मागं घे! ढाक मारतोयस का फुगडी खेळतोयस?"

दौलतरावांना ते रुचलं नाही. माणूस वाईट नव्हता. पण गावाबाहेर कुणी हसलं की त्यांच्या मिशीला लागायचं. भाताची झोडणी आटपल्यावर एका सकाळी ते चार माणसं घेऊन तालमीच्या दारात आले.

"वहिनी, आता पुरं. बाईच्या हाताखाली शिकलेली पोरां जत्रंत उतरली तं लोक आमच्यावर थुंकतील. मला इथं पेंढा भरायचाय. तुमचा काय आसंल तो उचला नि जागा मोकळी करा."

"माझं जे असंल ते?"

"समदा न्या. मला त्यातला काय नको."

इंदुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते संतापाचं. "भिंती तुमच्या, भावजी. मारुतीबी तुमच्या आज्याचा. माती आमची."

दौलतराव हसले. मातीला कोण विचारतो!

दुसऱ्या दिवशी पोरं फावडी-घमेली घेऊन आली. हौदा गावाच्या या टोकाला, इंदुबाईचं घर ओढ्यापलीकडं. पहिला दिवस मजेत गेला. मग हाताला फोड आले, माना आखडल्या. कुणाची आई म्हणाली, जगात काय मातीचा तोटा आहे? निम्मी पोरं गळाली, मग उरलेलीही गळाली, आणि एका सकाळी एकटा नवसू आला.

इंदुबाई कुणाच्या दारात बोलवायला गेली नाही. पण आतून ती पुरती हादरली होती. ही माती इथं राहिली तर हिंदुरावाची तालीम संपली, आणि आपणही उंबऱ्यावरच संपलो, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नवसू हौद्यात उतरून घमेलं भरायचा आणि उंबऱ्यापर्यंत आणून द्यायचा, ती उंबऱ्याबाहेरून ते डोक्यावर घ्यायची.

"तूबी जा रं," ती शेवटी म्हणाली. "हात बघ जरा तुझे."

"तू 'पुरं' बोललीस नाय अजून," नवसू म्हणाला आणि पुन्हा वाकला.

ती पुरे म्हणाली नाही. बाई आणि पोरगा भर गल्लीतून दिवसभर ये-जा करत राहिले, गाव ओट्यांवरून बघत राहिलं. संध्याकाळच्या आत पोरं खाली मान घालून एकेक करत परत आली. इंदुबाईनं नुसती घमेली पुढं केली.

दौलतराव पेंढ्याची गाडी घेऊन आले तेव्हा गोठ्यात म्हैस मावेल एवढा खड्डा होता.

"वहिनी, हा खड्डा?"

"तो तुमच्या जागेतला, भावजी. तो काय मला उचलंना."

खड्डा बुजवायला दौलतरावांना गडी लावावे लागले आणि गाव आठवडाभर हसलं, पण या वेळी बाईला नव्हे.

इंदुबाईच्या अंगणात नवा हौदा भरला. पोरांनी उल्हास नदीतला धोंडा आणून त्याला शेंदूर फासला आणि हौद्याच्या काठाला मारुती बसवला. पहिल्या दिवशी बघायला सगळं गाव लोटलं, दौलतरावही आले. इंदुबाईनं पदर खोचला आणि ती हौद्याकडं निघाली, तसे ते ओरडले, "वहिनी, आत पाय नका ठेवू! मारुती हाय तिथं!"

ती थांबली आणि वळली. "मारुती माझ्या दारात ऱ्हायला आलाय. म्हणून मी घर सोडून जाऊ व्हय?"

आणि ती आत उतरली. माती तळव्यांना गार लागली, मऊ लागली. इतकी वर्षं हातांनी पोसली, पायांना आज भेटली. गावासमोर तिनं फावडं उचललं.

नवसू लगबगीनं पुढं आला. "काकी, दे. मी उकरतो."

"सोड," ती म्हणाली. "नवा येईल त्यानं आधी उकरायचं. आज मी नवी हाय."