वार्सिनीच्या पेल्यातलं जामू

वार्सिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ‘यू’ म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. म्हणताना जीभ जळते, पण गावात राहायचं तर रीत पाळावी लागते. आम्ही दोघी एकाच गल्लीत जामू, म्हणजे मुळ्या-पानांचे औषधी काढे, विकतो. पाठीवरच्या टोपलीत त्याच बाटल्या, तीच हळद, तेच आलं, तीच चिंच. बायका मात्र तिच्यासाठी थांबतात. म्हणे तिच्या हळद-चिंचेनं पाळीच्या कळा थांबतात, माझ्या नाही. हळद काय माणूस बघून गुण देते?

वार्सिनीचा नवरा वारला तेव्हा हिला आलं धड सोलता येत नव्हतं. माझ्या आईनंच तिला हाताशी धरून शिकवलं. आता तिचा रक्त साफ करणारा कडू काढाही लोक हसत पितात, कारण ती पेला देऊन निघत नाही. टोपली उतरवून पायरीवर टेकते आणि सासूपासून म्हशीपर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकते. जामू विकायचं की गप्पा? हे मी जळूनच म्हणते, लपवत नाही.

एक गोष्ट मात्र आईनं फक्त मला दिली. बाळंतिणीच्या जामूसाठी हळद आधी निखाऱ्यावर भाजायची, मग पपईच्या पानांबरोबर कुटायची. वार्सिनी कच्चीच कुटते.

माझी सून रत्मी बाळंत झाली आणि दूध येईना. नातू रडून रडून दमायचा. मी रोज पहाटे जामू करून समोर उभी राहून पाजायची. दोन घोट घेऊन ती पेला खाली ठेवायची. दहा दिवसांनी मी वैतागले. बाटली स्वयंपाकघरात झाकून फेरीला जाऊ लागले. परत येईपर्यंत ती रिकामी असायची, आणि एक दिवस दूध आलं. मी गल्लीत मान ताठ करून फिरले.

मग विहिरीवर कळलं, दूध वार्सिनीच्या जामूनं आलं. रत्मीनंच शेजारणीला सांगितलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या फेरीतून परतले. वार्सिनी माझ्याच पायरीवर, तिच्या मांडीवर माझा नातू, आणि रत्मी पेला तोंडाला लावून बसलेली. मी पेला हिसकावून घोट घेतला. जिभेवर भाजलेली हळद आली.

वार्सिनीनं बाळ रत्मीकडे दिलं आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. माझी बाटली रिकामी होती.

“तुझंच आहे,” ती हळू म्हणाली. “मी माझ्या पेल्यात ओतून देते, एवढंच. तू समोर उभी राहून तिचे घोट मोजतेस, छातीकडे बघतेस. तिच्या घशाखाली उतरायचं नाही. आता सांगायचं तर सांग तिला. मी नाही म्हणणार नाही.”

सांगितलं असतं तर गल्लीत माझं नाव झालं असतं, आणि रत्मीनं पेला पुन्हा खाली ठेवला असता. बाहेर नातू भुकेनं रडायला लागला होता. वार्सिनीचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मी बाहेर आले आणि पेला रत्मीच्या हातात दिला.

“छान झालंय यूचं जामू,” मी म्हणाले. “पी सगळं.”