निळ्या ताडपत्रीचा तपशील

बातमी लिहिताना मी पहिल्या वाक्यातच सगळं सांगते: कोण, कुठे, काय. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर ही सवय लागली, ती फ्रँकफर्टला आल्यावरही सुटली नाही. ही एक गोष्ट मात्र मला त्या पद्धतीने कधी सांगता आली नाही. खरं तर कुठल्याच पद्धतीने नाही. संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय.

मी इथे एका लहान वृत्तसंस्थेत काम करते. जर्मनीत येणारा माल मुळात कुठून येतो, हे आम्ही शोधतो – लाकूड, कोको, सोनं. सोन्याच्या बातमीवर काम सुरू झालं ते तन्मयमुळे. तन्मय साताऱ्याचा, डार्मश्टाटला पीएचडी करत होता. उपग्रहाच्या चित्रांवरून ॲमेझॉनच्या जंगलातली तोड मोजायची, हा त्याचा विषय. एका उपनदीकाठच्या गावात तो दोनदा राहून आला होता, पोर्तुगीज शिकला होता. रविवारी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, आमच्याकडे जेवायला यायचा. मला ताई म्हणायचा, आणि माझी मुलगी रेवा त्याला मामा.

त्या गावाजवळ नदीत बेकायदा तराफे आले होते. तराफ्यावर पंप असतो. तो तळातली वाळू ओढतो, पाऱ्याने त्यातलं सोनं वेगळं करतात आणि उरलेला पारा नदीत जातो. तळ संपला की काठ खोदतात. काठावर जंगल असतं, ते आधी पाडतात. गावातली एक बाई या तराफ्यांवर नजर ठेवून होती. ती वनरक्षकांना कळवायची, आणि तन्मयलाही. तिचं नाव मी तेव्हा लिहिलं नाही, आता लिहिणार नाही. फोनवर आम्ही तिला मावशी म्हणायचो. मराठीत बोललो की कुणाला कळणार नाही, एवढीच त्यातली हुशारी.

मावशीने सांगितलेली एक गोष्ट महत्त्वाची होती. तराफ्यांचं डिझेल बंद पडलेल्या शाळेच्या मागे, निळ्या ताडपत्रीखाली ठेवतात; ताडपत्री नुकतीच बदलली आहे. तन्मयने मला हे सांगितलं, आणि लगेच म्हणाला, "ताई, हे छापायचं नाही हं. ती जागा फक्त तिच्या घराच्या मागच्या पायरीवरून दिसते."

मी छापलं नाही. आमचा लेख आजही तपासा – शाळा नाही, ताडपत्री नाही. मग माझं चुकलं कुठे?

आमच्या कामात एक नियम आहे. ज्याच्यावर आरोप करायचा, त्याला छापण्याआधी विचारायचं. नियम चांगला आहे; मी नव्या मुलांना तो शिकवते. त्या नदीवरचं सोनं दक्षिण जर्मनीतल्या एका व्यापारी कंपनीपर्यंत येत होतं, असा आमचा निष्कर्ष होता. कागदोपत्री ते मोडीचं सोनं होतं – जुने दागिने वितळवून आलेलं. मी कंपनीच्या प्रवक्त्याला फोन केला.

तो सभ्य होता, थोडा कंटाळलेला. म्हणाला, "आल्झो, बरं, नदीवर तराफे आहेत. कुणाचे तराफे? पाहिलं कुणी? तुमच्याकडे ऐकीव गोष्टी आहेत, मॅडम." आणि मग, अगदी सहज, "तुमच्या देशात अशी पत्रकारिता चालत असेल."

मी शांत होते. हे मुद्दाम सांगते, कारण रागाच्या भरात बोलून गेले असं म्हणणं सोपं झालं असतं. मी रागावले नव्हते. मला फक्त दाखवायचं होतं की मी नेमकी आहे – त्याच्याहून नेमकी. मी म्हणाले, डिझेल शाळेच्या मागच्या अंगाला असतं, निळ्या ताडपत्रीखाली, आणि ती ताडपत्री आठवड्यापूर्वी बदलली आहे.

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गेनाऊ. हे जरा नेमकं झालं." आणि शाळा कुठली, ते त्याने पुन्हा विचारून घेतलं.

मी पुन्हा सांगितलं.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं – मला वाटतं, मूळ गुन्हा तोच. बोलताना तन्मयचं वाक्य मी विसरले होते का? नाही. फोन ठेवल्यावर लगेच त्याला कळवता आलं असतं. मावशीला काही दिवस दुसरीकडे हलवता आलं असतं. वेळ होता. कळवायचं म्हणजे काय केलं ते सांगायचं, म्हणून मी गप्प राहिले. प्रवक्ता कशाला पुढे सांगेल, अशी स्वतःची समजूत घातली.

लेख आला, गाजला. त्याच आठवड्यात मावशीची होडी जाळली. माणसं घरात शिरली. ती मुलीला घेऊन जंगलातून दुसऱ्या गावी गेली, आणि मग दूरच्या शहरात.

पुढच्या रविवारी तन्मय आला. संदीप थालीपिठं लावत होता. "काय संशोधक," तो म्हणाला, "आज लोणी कमी की जंगल कमी?" तन्मय हसला नाही. मावशीशी बोलणं झालं होतं, त्याने सांगितलं. घरात शिरलेल्या माणसांनी तिला एकच विचारलं होतं: निळ्या ताडपत्रीवर तुझीच नजर होती ना?

माझ्या हातात चहाचं भांडं होतं. मी ते गॅसवर ठेवलं. आता तो माझ्याकडे बघेल, असं वाटलं.

"कोणाकोणाला माहीत होतं, ते सारखं आठवतोय," तन्मय म्हणाला. "तुला सांगितलं होतं. पण तू तर छापलंच नाहीस." आणि तिथेच त्याने माझं नाव सोडून दिलं. सेमिनारमध्ये त्याने गावाचा एक फोटो दाखवला होता, मावशीच्या पायरीवरून काढलेला. कोपऱ्यात निळं काहीतरी दिसत होतं. बाहेरचे लोकही बसले होते. "माझ्यामुळेच झालं, ताई."

रेवाने मान वर करून जर्मनमध्ये विचारलं, मामा रडतोय का?

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "होतं असं. तू काही मुद्दाम नाही केलंस."

हे वाक्य मी कुणासाठी बोलत होते?

त्याने मावशीला फोन करून कबूल केलं – जे त्याने केलंच नव्हतं ते. गावाने त्याच्याशी बोलणं बंद केलं. नजर ठेवणारं कुणी उरलं नाही, आणि वनरक्षकांच्या होड्याही त्या वळणावर येईनाशा झाल्या. पुढच्या कोरड्या मोसमातलं उपग्रहाचं चित्र त्यानेच मला दाखवलं. नदीच्या वळणावरचं सगळं हिरवं गेलं होतं; उरले होते पिवळट पाण्याचे खड्डे, एकाला एक लागून. त्यावर त्याने काही लिहिलं नाही. पीएचडी सोडली. आता तो म्युनिकला गाड्यांच्या नकाशांचं सॉफ्टवेअर लिहितो. पगार चांगला आहे, असं तो म्हणतो.

सांगायला किती रविवार होते. एकदा तर तो घरी निघाला आणि मी स्टेशनपर्यंत सोबत गेले, ठरवून. गाडी आली. मी त्याला म्हणाले, पोचल्यावर फोन कर.

छापण्याआधी संबंधिताला विचारायचं, हा नियम मी या वेळी पाळलेला नाही. नावं बदलली आहेत. तरी तो ओळखेल, पहिल्याच परिच्छेदात.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. मी नवीन बातमीवर आहे, पुन्हा सोनं, दुसरी नदी, असं मी बोलून गेले.  तो म्हणाला, "ताई, एखादाही तपशील जास्त जाऊ देऊ नकोस हं. माझ्यासारखं करू नकोस."

मी हो म्हणाले.